बँकॉकला एक दिवस, एकटीच: काय बघू, काय खाऊ?

प्रश्न: ताई, नमस्कार. मी खानापूरची, वय 24, बेंगळूरला जॉब करते. ऑफिसच्या कामासाठी सिंगापूरला जायचंय आणि परतीचं तिकीट बँकॉकवरून आहे, सकाळी 6 ला उतरणार आणि पुढचं विमान रात्री 11.30 ला, म्हणजे अख्खा दिवस हातात आहे. पहिल्यांदाच परदेश आणि तोही एकटीनं. मैत्रिणींनी लिस्ट पाठवलीय त्यात 14 ठिकाणं आहेत, बघूनच डोकं फिरलं. मी अंडं खाते पण मटण-मासे काही नाही. आईला बँकॉक म्हटल्याबरोबर टेन्शन आलंय, ती म्हणते गप्प विमानतळावरच बसून राहा. तुम्ही सांगा, बाहेर पडू का? आणि पडले तर काय बघू, काय खाऊ?
– एक वाचक, खानापूर

उत्तर: 17 तास विमानतळावर बसून राहायचं म्हणजे अंग आंबून जाईल गे, बाहेर पडच. मी एकटी गेलेय बँकॉकला, तेव्हा तुझ्याहून 10-12 वर्षांनी मोठी होते तरी पहिल्या सकाळी हॉटेलच्या दारात नुसती उभी होते, डावीकडे जायचं का उजवीकडे तेच ठरेना, म्हणून तुझी धडधड मला माहितीय.

ती 14 ची लिस्ट आधी बाजूला ठेव. एका दिवसात 14 ठिकाणं करायला गेलीस तर दिवस गाडीतच जाईल, तिथलं ट्रॅफिक बेंगळूरसारखंच आहे. त्यापेक्षा एक गोष्ट धर, शहराच्या मधून चाओ फ्राया नदी जाते तिचा काठ सोडायचा नाही. जुनं आणि बघण्यासारखं जे आहे त्यातलं बरंचसं त्या काठावर एकाला एक लागून आहे, फुलांचा बाजार, राजवाडा, वाट फो (वाट म्हणजे देऊळ), आणि पलीकडच्या काठावर वाट अरुण. तू मलप्रभेकाठची पोरगी, नदी धरून चाललं की माणूस चुकत नाही हे तुला वेगळं सांगायला नको.

आता आधी कागदपत्रं, कारण तिथंच अडकायला होतं. 1 मे 2025 पासून थायलंडमध्ये उतरणाऱ्या प्रत्येक परदेशी माणसाला डिजिटल अरायव्हल कार्ड ऑनलाईन भरावं लागतं, पोचायच्या आधीच्या 3 दिवसांत, आणि ते फुकट आहे, कुठली साइट पैसे मागत असेल तर ती सरकारी नाही हे लक्षात ठेव. व्हिसाचे नियम बदलत असतात म्हणून भारतीय पासपोर्टला त्या महिन्यात काय लागतंय ते थाई दूतावासाच्या वेबसाइटवर स्वतः बघ, मैत्रिणीच्या मागच्या वर्षीच्या अनुभवावर जाऊ नकोस. मोठी बॅग परस्पर पुढच्या विमानात जाणार आहे की तुला घ्यावी लागणार आहे ते सिंगापूरच्या काउंटरवरच विचार, घ्यावी लागली तर विमानतळावर सामान ठेवायची सोय आहे, पैसे देऊन ठेव पण ती ओढत शहरात जाऊ नकोस. हातातलं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढं कर.

पैशाचं सांगते. एक बाट म्हणजे साधारण अडीच ते तीन रुपये. तिथल्या एटीएममध्ये परदेशी कार्डाला प्रत्येक वेळी 200 बाटच्या वर फी लागते, म्हणून इथनंच थोडी कॅश घेऊन जा आणि बाहेर पडल्या पडल्या समोर दिसणाऱ्या काउंटरवर न बदलता खाली रेल्वेच्या मजल्यावर जा, तिथं रेट बरा मिळतो. रस्त्यावरच्या खाण्याला सुटे लागतात, 20 च्या नोटा जवळ ठेव. आणि नोट खाली पडली तर पायानं दाबून धरू नकोस, त्यावर राजाचं चित्र असतं, तिथं ते फार मोठं चुकीचं धरतात.

विमानतळाचं नावच सुवर्णभूमी आहे. आणि रात्री परत आलीस, इमिग्रेशन करून आत गेलीस की समुद्रमंथनाचा भलामोठा देखावा लागेल, वासुकी, एका बाजूला देव, दुसऱ्या बाजूला दानव, वरती विष्णू. मी तो बघून तिथंच थांबले होते, इतक्या लांब येऊन आपलीच गोष्ट समोर उभी. तुला दिवसभर हेच होणार आहे बघ. शहराचं त्यांचं नाव क्रुंग थेप, थेप म्हणजे देव, देवांचं शहर. नमस्कार करताना ते सवाद्दी म्हणतात तो शब्द आपल्या स्वस्तीवरनं आलाय, बाईनं बोलताना मागं "खा" लावायचं, सवाद्दी खा, एवढं एक वाक्य आणि हात जोडले तरी समोरचा हसून बोलतो. एप्रिलमधला त्यांचा नववर्षाचा सण सोंगक्रान, तो शब्द संक्रांतीचाच.

तर विमानतळाखालनंच रेल्वे आहे, मक्कासान स्टेशनला उतर, तिथनं पुलावरनं चालत फेत्चबुरीच्या मेट्रोत जा, निळी लाइन, आणि सनाम चाय स्टेशनला उतर. ते स्टेशनच राजवाड्याच्या दिवाणखान्यासारखं सजवलंय. टॅक्सी करू नकोस सकाळी, तासभर अडकशील.

स्टेशनवरनं बाहेर पडून आधी फुलांच्या बाजारात जा, पाक ख्लोंग तालात, चालत 5-10 मिनिटं. 24 तास चालू असतो. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आपल्याकडं रस्त्याला झेंडूचे ढीग लागतात ना, तसे तिथं रोज लागतात, आणि मोगऱ्याच्या कळ्यांचे हार, ते फुआंग मालाय म्हणतात, इतके बारीक विणलेले की सुई कुठनं गेली ते कळत नाही. मी एका म्हातारीजवळ बराच वेळ उभी होते, ती कमळाच्या कळीची पाकळी न पाकळी आत दुमडत होती, अंगठ्यानं एक दाबायची, फुलाला थोडं फिरवायची, पुढची दाबायची, मिनिटभरात बंद कळीचं चौफुला भरल्यासारखं फूल झालं आणि तिनं ते बघितलंसुद्धा नाही, डोळे समोरच्या गिऱ्हाईकावर. माझी आजी गजरे अशीच करायची, गप्पा चालूच आणि हात चालूच. एक छोटा हार घे, 20-30 बाटला मिळेल, पुढं देवळात वाहायला होतो.

मग राजवाडा. 8.30 ला उघडतो, दुपारी 3.30 पर्यंतच आत घेतात, तिकीट 500 बाट, महाग आहे, गर्दी पण फार, तरी जा म्हणते ते एका भिंतीसाठी. आतल्या वाट फ्रा केव देवळाभोवती ओवरी आहे आणि त्या ओवरीच्या भिंतीवर 178 चित्रांत अख्खं रामायण काढलंय, त्यांचं रामाकियन. उत्तरेच्या दारापासून सुरू करून प्रदक्षिणेसारखं फिरायचं. राम हिरवा आहे, लक्ष्मण सोनेरी, मारुती पांढरा, रावणाचं नाव थोत्सकान म्हणजे दशकंठ. एका चित्रात मारुतीनं स्वतः डोंगराएवढा होऊन रामाचा अख्खा मंडप तोंडात धरलाय, मैयराप रात्री येऊन रामाला पळवू नये म्हणून, म्हणजे आपल्या अहिरावण-महिरावणाची गोष्ट. फक्त तिथला मारुती ब्रह्मचारी नाही, रावणाची मुलगी मत्स्यकन्या तिच्याशी त्याचं लग्न लागतं, आणि त्यांचा मुलगा मच्छानू म्हणजे आपला मकरध्वज. बाकी लोक सोन्याच्या शिखरांचे फोटो काढत पळत असतात, तू भिंत बघ. आपल्याला जे कळतं ते त्या गर्दीत फार थोड्यांना कळतं, हा फायदा घे. राजवाडा 1782 चा, पहिल्या रामाच्या वेळचा, हो, राजांना राम पहिला, राम दुसरा असंच म्हणतात, आत्ताचा दहावा. त्यांची जुनी राजधानी अयुथया, म्हणजे अयोध्याच, ती 1767 मध्ये ब्रह्मी सैन्यानं जाळली, मग थोडी वर्षं थोनबुरी आणि मग बँकॉक.

कपडे: खांदे आणि गुडघे झाकलेले पाहिजेत, सुती सलवार-कुर्ता घाल, दिवसभराचा प्रश्न मिटला. बूट सारखे काढावे लागतात तेव्हा लेसचे नकोत. आणि बुद्धासमोर बसताना पाय मागं घेऊन बस, तळवे मूर्तीकडं येता कामा नयेत. भिक्खूंना बायकांनी हात लावायचा नाही, बोटीत त्यांच्या शेजारच्या जागेवर पण बसू नकोस.

इथं एक माझ्यावर बेतलेलं सांगते. राजवाड्याच्या भिंतीला लागून चालत होते तर एक चांगल्या कपड्यातला माणूस आला, गोड इंग्लिशमध्ये म्हणाला आज राजवाडा बंद आहे, बुद्धाचा सण आहे, मी तुम्हाला दुसरं देऊळ दाखवतो, टुकटुक, म्हणजे तिथली रिक्षा, फक्त 20 बाट. मी बसले. एका देवळात नेलं आणि तिथनं थेट दागिन्यांच्या दुकानात, दीड तास तिथनं बाहेर पडू देईनात, घ्या घ्या घ्या. पैसे गेले नाहीत पण सकाळ गेली, आणि राजवाडा त्या दिवशी उघडाच होता. तेव्हा रस्त्यात कोणी बंद आहे म्हणालं की हसून पुढं चालायचं आणि तिकिटाच्या खिडकीपर्यंत स्वतः जाऊन बघायचं.

वाट फो तिथनं चालत, तिकीट 300. झोपलेला बुद्ध 46 मीटर लांब आणि 15 मीटर उंच आहे, दाराशी उभी राहिलीस तर सगळा डोळ्यात मावतच नाही, खांबांच्या मधनं तुकड्या तुकड्यानं दिसतो. तळव्यांवर शिंपल्याच्या कामात 108 शुभचिन्हं आहेत. पण मला आठवतो तो आवाज. पाठीमागच्या बाजूला भिंतीला लागून 108 काशाचे गडू ठेवलेत, 20 बाट दिले की बारकी नाणी वाटीत मिळतात आणि प्रत्येकात एक टाकत जायचं, टिंग, टिंग, टिंग, पुढचा टाकतोय, मागचा टाकतोय, सगळं देऊळ त्या आवाजानं भरलेलं असतं. घाई न करता टाक. नंतर आवारात सावलीत बस, ते देऊळ शांत आहे. थाई मसाजचं जुनं विद्यापीठच आहे ते, पाय दुखत असतील तर तिथंच आवारात मसाज मिळतो, देवळाच्या आत आहे तेव्हा एकटीनं जायला काही वाटून घेऊ नकोस.

आता खायचं, हा तुझा खरा प्रश्न. तिथं भाजी दिसली म्हणजे शाकाहारी असं नाही. पपईची कोशिंबीर असते, सोम ताम, दिसायला पूर्ण शाकाहारी, पण त्यात सुकी कोळंबी आणि माशाचा सॉस. पाद थाय म्हणून परतलेल्या नूडल्स असतात, त्यात पण तेच. मी नुसत्या भाज्या बघून नूडल्सचं सूप घेतलं होतं, दुसऱ्या चमच्याला कळलं की पाणी मासळीचं आहे. गाडीवरच्या बाईची काय चूक, मी तिला नीट सांगितलंच नव्हतं. तर सांगायचे शब्द पाठ कर: मांसाविरहित म्हणजे "मंगसविरत", हा शब्द आपलाच आहे, मांस आणि विरती, असं लक्षात ठेव म्हणजे विसरणार नाहीस. "माय साय नाम प्ला" म्हणजे माशाचा सॉस घालू नका, "माय साय कापी" म्हणजे कोळंबीची पेस्ट घालू नका. मागं खा लाव. आणि पिवळ्या पाटीवर लाल अक्षरात 17 आकड्यासारखं काहीतरी लिहिलेलं दिसेल, ते अक्षर "जे", तिथलं खाणं डोळे झाकून खा, त्यात अंडं-दूधसुद्धा नसतं आणि कांदा-लसूणही नसतो, म्हणजे आपल्या जैन वाचकांनीसुद्धा ही पाटी लक्षात ठेवावी.

खनोम क्रोक मात्र सोडू नकोस. लांबनं बघून मला वाटलं पड्डूच, म्हणजे आप्पेच करालेत! तोच खळग्यांचा बिडाचा तवा, तांदळाचं पीठ, पण आंबवलेलं नाही, नारळाच्या दुधातलं. आधी एक पीठ ओततात, मग वरनं घट्ट गोड-खारं नारळाचं दूध, वर कांद्याची पात नाहीतर मक्याचे दाणे, झाकण, आणि काढताना उलटं करत नाहीत, दोन अर्धे एकमेकांवर ठेवून गोळा करतात. खालनं कुरकुरीत, आत पातळ. तोंड भाजतं, फुंकर मारून खा. आंब्याचा सीझन असला, म्हणजे एप्रिल-मे, तर आंबा आणि चिकट भात खाच, नारळाच्या दुधात मुरलेला भात, थोडं मीठ, वर भाजलेली मूग डाळ. हापूसवाल्यांना सांगून पटणार नाही पण भाताबरोबर त्यांचाच आंबा जमतो. गोकर्णाच्या फुलांचं निळं सरबत मिळतं, लिंबू पिळलं की जांभळं होतं, उन्हात फार बरं वाटतं. पेरू-अननस कापून तिखट-मीठ-साखर लावून देतात ते आपल्यासारखंच. आणि अगदीच काही जमलं नाही तर गल्लोगल्ली सेव्हन-इलेव्हन आहे, केळी, दही, उकडलेली अंडी, उपाशी राहणार नाहीस.

दुपारी था तियेन धक्क्यावरनं होडीनं पलीकडं जा, साधारण 5 बाट लागतात, 3-4 मिनिटांत वाट अरुण. अरुण म्हणजे सूर्याचा सारथी तोच. तिकीट 200. लांबनं पांढरं दिसतं, जवळ गेलीस की कळतं सगळं चिनी मातीच्या तुकड्यांनी मढवलंय, फुटक्या बशांची फुलं केलीत. पायऱ्या शिडीसारख्या उभ्या आहेत, चढताना सोपं वाटतं, उतरताना कठडा धर. पण सूर्य मावळायच्या आधी परत अलीकडच्या काठावर ये, कारण ते देऊळ सगळ्यात छान या काठावरनं दिसतं, मागं केशरी आभाळ आणि मग एकेक दिवे लागतात. मध्ये वेळ उरला तर केशरी झेंड्याची बोट पकड, 16 बाटला कुठंही, सथोर्नच्या धक्क्यापर्यंत जाऊन परत ये, टूरिस्ट बोटीला भरपूर पैसे घालायची गरज नाही.

चायनाटाऊन त्याच मेट्रोवर आहे पण तुझ्या वेळेत सूर्यास्त आणि चायनाटाऊन दोन्ही बसवायला गेलीस तर धावपळ होईल. मी असते तर सूर्यास्त. 7 ला सनाम चायची मेट्रो पकडलीस की सव्वाआठ-साडेआठला विमानतळावर.

राहिली आई. आईला वाटतं ते का वाटतं हे मला कळतं, बँकॉक म्हटलं की आपल्याकडं लोक एकाच गोष्टीबद्दल बोलतात, आणि तो भाग शहरात आहेच, नाही कशाला म्हणू. पण तो रात्रीचा आणि वेगळ्या गल्ल्यांचा आहे. तू जिथं जाणार तिथं दिवसा शाळेची पोरं, हार घेऊन आलेल्या बायका, भिक्खू आणि टूरिस्ट, एवढंच. मी तिथं एकटी फिरताना कोणी वळून बघितलं नाही, आपल्याकडं बसस्टँडवर जेवढं सावध राहतेस तेवढीच राहा. आईला हे पान वाचायला दे. जाण्याआधी बसून तिला नकाशा दाखव, कुठनं कुठं जाणार ते, वेळा ठरव, राजवाडा झाला की एक फोन, दुपारी जेवणाचा फोटो, विमानतळावर पोचलीस की फोन, आणि दिवसभर लाइव्ह लोकेशन चालू ठेव. त्यासाठी विमानतळावरच सिम घे, हॉटेलच्या वायफायच्या भरवशावर राहू नकोस. टूरिस्ट पोलिसांचा नंबर 1155, इंग्लिश बोलतात, तो आईकडंही लिहून ठेव. माझी आई पण पहिल्यांदा बोलत नव्हती माझ्याशी, परत आल्यावर रामायणाच्या भिंतीचे फोटो एकेक मोठा करून बघत बसली आणि मारुतीच्या लग्नावरनं माझ्याशी भांडली.

प्रश्न: माझ्या पासपोर्टवर जन्मठिकाण बेळगाम आहे आणि आधारवर बेळगावी. परदेशात अडवतील का?
– एक वाचक, शहापूर, बेळगाव

उत्तर: नाही. शहराचं सरकारी नाव 1 नोव्हेंबर 2014 ला बदललं, त्याआधीच्या आणि नंतरच्या कागदांत हा फरक हजारो लोकांचा आहे. तिकडं आधार कोणी बघत नाही, पासपोर्ट बघतात. तुमचं नाव तिकिटावर आणि अरायव्हल कार्डावर पासपोर्टवर आहे अगदी तसंच पाहिजे, वडिलांचं नाव मध्ये असेल तर ते पण, इथं चूक झाली तर मात्र विमानतळावर त्रास होतो. पासपोर्टची मुदत प्रवासाच्या तारखेनंतर 6 महिने तरी शिल्लक आहे ना, ते आजच उघडून बघा.

प्रश्न: मी निपाणीचा, पुढच्या महिन्यात एकटाच बँकॉकला चाललोय. मला चिकन-मासे सगळं चालतं, फक्त डुक्कर आणि बीफ नको. मेनू थाईत असला तर कसं ओळखायचं?
– एक वाचक, निपाणी

उत्तर: वाचायला जाऊ नका, विचारा. मू म्हणजे डुक्कर, नुआ म्हणजे बीफ, "काय" म्हणजे कोंबडी, प्ला म्हणजे मासा, कुंग म्हणजे कोळंबी. "माय आव मू" म्हटलं की डुक्कर नको, पुरुषांनी मागं "ख्रप" लावायचं. एक लक्षात ठेवा, कोंबडीच्या नूडल्समध्येसुद्धा रस्सा डुकराच्या हाडांचा असू शकतो, म्हणून सूपवाले प्रकार हलाल पाटीच्या दुकानात खा, तिथं मू नसतोच. सुरुवातीला "खाओ मान काय" मागवा, कोंबडीच्या रश्शात शिजवलेला भात, वर उकडलेली कोंबडी आणि आलं-मिरचीची चटणी, ती चटणी आपल्या तोंडाला पण तिखट लागते.